चॅरिंग क्रॉसची राणी एलिनॉर: पतिव्रता की जमिनींची लोभी?

टेंभुर्णीकर_लंडन

नमस्कार मंडळी. इतिहासाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला, म्हणून इथल्या जाणकारांना विचारतो.

आईबाबा सध्या माझ्याकडे आले आहेत. चॅरिंग क्रॉस स्टेशनाच्या दारात टॅक्स्या उभ्या राहतात तिथे दगडाचा एक उंच, टोकदार, कोरीव मनोरा आहे. बाबांनी विचारलं, "हे कुणाचं?" मी रोज त्याच्या बाजूने जातो, पण मला सांगता येईना. खाली नॉर्दर्न लाइनच्या फलाटावर भिंतभर काळीपांढरी चित्रं आहेत, दगड फोडणारे, कोरणारे, वाहून नेणारे कारागीर. तीही याच मनोऱ्याची म्हणे.

दुसऱ्या दिवशी आम्ही पायी फिरवणारी एक सहल घेतली. गाइडने गोष्ट सांगितली: तेराव्या शतकात इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाला धर्मयुद्धात विषारी खंजीर लागला, राणी एलिनॉरने जखमेतलं विष तोंडाने ओढून काढलं, पुढे ती वारली तेव्हा शवयात्रा जिथे जिथे थांबली तिथे राजाने एकेक क्रॉस, म्हणजे असाच दगडी मनोरा, बांधला. आईचे डोळे पाणावले. घरी येऊन मी जरा शोधलं, तर तिच्याच काळचे लोक तिला जमिनी गिळणारी परदेशी बाई म्हणत होते असं दिसलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

विचारायचं एवढंच: विषाची गोष्ट खरी का? जमिनींची भानगड काय होती? आणि मूळ क्रॉस कुठे बघायला मिळतो? स्टेशनाबाहेरचा तर फारच नवा दिसतो.

निवृत्त_निबंधक

टेंभुर्णीकर, आईला सांगा, पण जेवण झाल्यावर.

माझी नोकरी दुय्यम निबंधक कार्यालयात गेली. दिवसभर खरेदीखतं, गहाणखतं, हक्कसोडपत्रं. त्यामुळे राजाराणीची गोष्ट वाचतानाही माझी नजर आधी मिळकतीकडे जाते, प्रेमाकडे नंतर. ही राणी मला आवडते ती याच कारणाने. तिच्या मिळकतीचा कागद भरपूर आहे.

आधी विष. जून १२७२, अक्रा बंदर, आजच्या इस्रायलमधलं. एडवर्ड तेव्हा राजा नव्हता, युवराज होता. मारेकऱ्याने त्याच्यावर सुरी चालवली आणि जखम चिघळली, इथवर खरं. राणीने विष चोखल्याची गोष्ट लिहिली ती टॉलेमी ऑफ लुका या इटालियन साधूने, बऱ्याच वर्षांनी, आणि तीही ऐकीव म्हणून. इंग्लंडमधला वॉल्टर ऑफ गिसबरो उलटच सांगतो: वैद्य सडलेलं मांस कापायला बसला आणि रडणाऱ्या एलिनॉरला लोकांनी खोलीबाहेर नेलं. तू रडलीस तर चालेल, सगळ्या इंग्लंडवर रडायची पाळी नको, असं तिला समजावलं म्हणे. मला हीच हकिकत पटते. पहिली गोष्ट कीर्तनात रंगेल.

पण नवऱ्याबरोबर ती तिथवर गेली होती, हे विसरू नका. १२७० साली निघाली, अक्र्यात १२७२ मध्ये तिला मुलगी झाली. त्या मुलीला जन्मभर जोन ऑफ अक्रा म्हणत.

आता मूळ. एलिनॉर कॅस्टीलची, म्हणजे आजच्या स्पेनमधली. जन्म १२४१. बाप राजा फर्नांदो तिसरा, आई जोन ही उत्तर फ्रान्समधल्या पोंत्यूची सरदारीण. लग्न १ नोव्हेंबर १२५४ रोजी बुर्गोसच्या लास उएल्गास मठात. नवरा पंधराचा, ही बारातेराची. लग्नामागे जमीनच होती. इंग्लंडच्या ताब्यातल्या, नैर्ऋत्य फ्रान्समधल्या गॅस्कनीवर तिचा सावत्र भाऊ अल्फोन्सो दहावा हक्क सांगत होता, तो त्याने सोडला आणि बहीण दिली. पुढच्या वर्षी ती लंडनला आली तेव्हा तिच्या खोल्या पडद्यांनी सजवल्या होत्या, जमिनीवरसुद्धा गालिचे. लंडनकर कुजबुजले: देवळासारखं काय हे, आणि पायाखाली कापड? सूनबाईंच्या माहेरच्या रीतींवर पहिल्याच आठवड्यात बोट ठेवलं गेलं.

राज्याभिषेक १९ ऑगस्ट १२७४. खरी गोष्ट इथून सुरू होते.

राणीला स्वतःचं उत्पन्न हवं असतं. नोकरचाकर, घोडे, कारकून, दानधर्म हे सगळं तिच्या खर्चाने चालतं. "राणीचं सोनं" नावाची एक वसुली होती: राजाला कुणी मोठी रक्कम भरली की वर दहावा हिस्सा राणीला. पण ते पुरत नसे, आणि राजाकडे वाटायला मोकळी जमीन उरली नव्हती. मग जमीन आणायची कुठून?

उत्तर होतं कर्जबाजारी सरदार. हे लोक ज्यू सावकारांकडून पैसे उचलत आणि जमीन तारण ठेवत. ज्यूंना तिथे स्वतःचा असा आधार नव्हता. कायद्याने ते थेट राजाच्या कब्जातले, आणि राजा त्यांच्यावर वाटेल तेवढी पट्टी बसवी. पट्टी भरता आली नाही की त्यांच्याकडचे कर्जरोखे राजाच्या खजिन्यात जमा. ते रोखे राजा राणीला देई. मग राणीचा माणूस कर्जदाराच्या दारात उभा: कर्ज फेडा, नाहीतर गाव राणीच्या नावे करा, वरून थोडी रोकड घ्या, हवं तर हयातभर तिथेच राहा. सातबाऱ्यावर बोजा चढला आणि धनको बदलून एकदम सरकारच समोर आलं, तर खातेदाराचं जे होईल तेच.

केंटमधला लीड्स किल्ला, तळ्यात उभा असलेला, तुम्ही फोटोत पाहिला असेल. तो १२७८ मध्ये विल्यम डी लेबर्नकडून असाच कर्जापायी तिच्याकडे आला. वेस्टरहॅम, लँगली आणि अशी पुष्कळ गावं. मरतेवेळी तिच्या मिळवलेल्या जमिनींचं उत्पन्न वर्षाला सुमारे २,५०० पौंड होतं. तेराव्या शतकातले पौंड हं.

लोक गप्प नव्हते. गिसबरोनेच एक जोडओळ टिपून ठेवली आहे. तिचा अर्थ असा की राजाला हवं आमचं सोनं आणि राणीला हवी आमची चांगली चांगली गावं. कँटरबरीचा आर्चबिशप जॉन पेकहॅम याने तिचा कारभारी जेफ्री डी अ‍ॅस्पॉल याला पत्र धाडलं: राज्यभर बोभाटा झालाय, ज्यूंनी व्याजापोटी उकळलेल्या जमिनी राणीसाहेब बळकावतात असं लोक म्हणतात, त्यांच्या कानावर घाला. थेट राणीला न लिहिता कारभाऱ्याला लिहिलं, यावरून वजन ओळखा. ऑफिसात मोठ्या साहेबांबद्दलची तक्रार आमच्याकडे हेडक्लार्ककडेच यायची.

आणि यात खरं कोण भरडलं गेलं ते दोन्ही बाजूंचे इतिवृत्तकार सांगत नाहीत. सरदाराची जमीन गेली, ज्यूंचं तर सगळंच. १२७५ च्या कायद्याने व्याजाचा धंदा बंद. पुढे नाण्यांच्या कडा कातरून चांदी काढल्याच्या आरोपावरून शेकडो पकडले गेले, पुष्कळ फासावर गेले. १८ जुलै १२९० ला हुकूम निघाला की सर्व ज्यूंनी नोव्हेंबर उजाडायच्या आत देश सोडावा. राणी त्याच नोव्हेंबरात वारली.

खवचट_खंडू

म्हणजे सावकारीणबाई! आणि नवरोबांनी बायको गेल्यावर बारा ठिकाणी फलक लावले. आपल्याकडे कटआउट लावतात, तिकडे दगडात कोरले. राजाची जाहिरात, दुसरं काय? प्रेमबिम गाइडला सांगू द्या, त्याचं पोट आहे त्यावर.

निवृत्त_निबंधक

खंडोबा, निम्मं बरोबर.

जाहिरात होतीच. फ्रान्सचा राजा नववा लुई १२७० मध्ये वारला तेव्हा त्याची शवयात्रा जिथे थांबली तिथे स्मारकं उभी केली होती. एडवर्डने ते पाहून आपल्या बायकोसाठी त्याहून थाटाचं केलं. प्रत्येक क्रॉसवर राणीचे पुतळे आणि ढाली: इंग्लंडचे सिंह, कॅस्टील-लिऑनचे किल्ले आणि सिंह, पोंत्यूचे पट्टे. ज्या बाईला लोक परदेशी म्हणून नाकं मुरडत होते तिचं माहेर भरबाजारात दगडावर चढवलं. यात राजकारण नाही असं मी म्हणणार नाही.

पण मग खाजगीतला कागदही बघा. जानेवारी १२९१ मध्ये राजाने फ्रान्समधल्या क्लुनीच्या मठाधिपतीला प्रार्थनांसाठी पत्र लिहिलं. त्यात म्हणतो, जिवंतपणी जिच्यावर जीव लावला तिच्यावर मरणानंतरही प्रेम करणं थांबवता येत नाही. ठीक आहे, पत्र कारकुनाने लिहिलं असेल, तुम्ही म्हणाल. मग हिशेबाची वही घ्या. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, संपला, ईस्टर झाला, की सोमवारी सकाळी राणीच्या दासींनी राजाला बिछान्यातच कोंडायचं आणि राणीच्या महालात जाण्यासाठी त्याने त्यांना दंड भरायचा, अशी त्या घरातली गंमत होती. १२९१ च्या ईस्टरला राणी नव्हती. राजाने त्या बायकांना ती रक्कम तरीही दिली. खर्चाच्या वहीतली नोंद कुणी जाहिरातीसाठी करत नाही.

आणि हा माणूस मऊ मुळीच नव्हता. वेल्स त्याने चिरडलं, स्कॉटलंडचं पुढे काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे. छत्तीस वर्षांच्या संसारात तो गेला तिथे ती गेली. शेवटच्या मुलांपैकी एलिझाबेथ वेल्समधल्या रडलन किल्ल्यात झाली, आणि पुढचा राजा एडवर्ड दुसरा १२८४ मध्ये कार्नार्व्हनला, किल्ल्याचं बांधकाम चालू असताना. साठीसत्तरीच्या आमच्या बायका म्हणतात तसं, बदलीच्या गावी बाळंतपण.

माझा मुद्दा असा की तिचा लोभ आणि त्याचं प्रेम ही दोन वेगळी प्रकरणं नाहीतच. रोखे तिला देत कोण होता? राजा. राणीच्या नावावर जमीन झाली की राजघराण्याची जमीन वाढते, शिवाय शिव्या राणीला बसतात. दोघांनी मिळून केलेला व्यवहार होता तो, आणि बोल तिने खाल्ले. १२९१ मध्ये राजाने तिच्या कारभाऱ्यांच्या जुलमांची रीतसर चौकशी लावली, लोकांच्या तक्रारी ऐकून घेतल्या. चौकशी कारभाऱ्यांची झाली, राजाची अर्थातच नाही.

नॉर्थॅम्प्टनची_वैजू

मी नॉर्थॅम्प्टनला राहते, क्रॉसबद्दल मी सांगते. बारा होते: लिंकन, ग्रँथम, स्टॅमफर्ड, गेडिंग्टन, हार्डिंगस्टोन, स्टोनी स्ट्रॅटफर्ड, वोबर्न, डन्स्टेबल, सेंट ऑल्बन्स, वॉल्थम, चीपसाइड, चॅरिंग. उभे आहेत ते तीनच: गेडिंग्टन, आमचा हार्डिंगस्टोन आणि वॉल्थम. चीपसाइडचा १६४३ मध्ये आणि चॅरिंगचा १६४७ मध्ये प्युरिटनांच्या, म्हणजे मूर्ती-क्रॉस न चालणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंटांच्या, राज्यात पाडला. तुमच्या स्टेशनाबाहेरचा १८६५ चा आहे, रेल्वेच्या हॉटेलाबरोबर बांधलेला. मूळ जागी आता पहिल्या चार्ल्सचा घोड्यावरचा पुतळा आहे, ट्रॅफल्गर चौकाच्या दक्षिण टोकाला. लंडनपासूनची अंतरं मोजतात ती तिथून.

हार्डिंगस्टोनचा क्रॉस लंडन रोडच्या कडेला आहे, शेजारीच डेलाप्रे मठाची जागा, जिथे शव रात्रभर ठेवलं होतं. अष्टकोनी आहे, शेंडा कधीचाच गेलेला. खालच्या टप्प्यात उघडी पुस्तकं कोरली आहेत ती चुकवू नका. येणाऱ्याजाणाऱ्याने वाचून प्रार्थना करावी म्हणून त्यांवर अक्षरं रंगवलेली असावीत, आता कोरी आहेत. माझ्या सासूबाईंना भारतातून आल्यावर इथे आणलं तर त्या म्हणाल्या, "एवढ्या रहदारीत ठेवलंय होय हिला?" गाड्या खरंच अंगावरून जातात.

एकच बघणार असाल तर गेडिंग्टनला जा, केटरिंगजवळ. लहानसं गाव, मधोमध तीन बाजूंचा सडपातळ क्रॉस. सगळ्यांत चांगला टिकलेला तोच. वॉल्थम लंडनला जवळ पडेल, पण त्याची इतकी डागडुजी झाली आहे की जुनं किती आणि नवं किती ते मला तरी कळत नाही.

टेंभुर्णीकर_लंडन

मंडळी, कमाल. आईला सांगितलं. ती म्हणाली, "जमीन घेतली तर घेतली, सोनं घेण्यापेक्षा बरं." बाबांचे प्रश्न मात्र वाढलेत. पुस्तकं कोरली म्हणजे बाई शिकलेली होती का? मुलं किती? आणि राजाने दुसरं लग्न केलं का?

निवृत्त_निबंधक

तुमच्या आईंना माझा नमस्कार. आमच्या ऑफिसात चालल्या असत्या.

शिकलेली होती, आणि नुसती नाही. तिच्या पदरी स्वतःचे लेखनिक आणि पोथ्या रंगवणारे असत, राणीच्या मुक्कामाबरोबर फिरणारे. वेगेशियस या रोमन लेखकाच्या युद्धशास्त्रावरच्या लॅटिन ग्रंथाचं फ्रेंच भाषांतर तिच्यामुळे झालं. नवऱ्याच्या कामाचं पुस्तक बायकोने करवून घेतलं! ज्या पेकहॅमने तिच्या सावकारीवर पत्र लिहिलं, त्यानेच तिच्यासाठी देवदूतांच्या श्रेणींवर फ्रेंचमध्ये छोटा ग्रंथ लिहून दिला. माहेर जिभेवरही राहिलं. बंदरात स्पॅनिश जहाज लागलं की तिच्यासाठी डाळिंबं, लिंबं, संत्री घेतल्याच्या नोंदी आहेत, आणि लँगलीच्या बागेत आरागॉनचे माळी होते.

मुलं चौदा तरी, कुणी सोळा मोजतात. तिच्यामागे उरली सहा, पाच मुली आणि एडवर्ड. इथे मला ती कठीण वाटते. धाकट्या जोनला तिने परतीच्या वाटेवर पोंत्यूला आपल्या आईकडे ठेवलं, ती काही वर्षांनी इंग्लंडला आली. सहा वर्षांचा हेन्री १२७४ मध्ये गिल्डफर्डला आजारी होऊन गेला, आजीजवळ. आईबाप लंडनला होते, अंतर फार नव्हतं, तरी गेले नाहीत. त्या काळची रीत वेगळी, असं म्हणून मी पुढचं पान उलटते. पण दहा वर्षांचा अल्फोन्सो १२८४ मध्ये गेला तेव्हा त्याचं हृदय तिने जपून ठेवलं, आणि ते तिच्या हृदयाबरोबरच लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स मठात पुरलं गेलं. दोन्ही लिहून ठेवते, जुळवायचा प्रयत्न करत नाही.

शेवट असा. १२८७ पासून तिला ताप उलटून उलटून येत होता, बहुधा हिवताप. २८ नोव्हेंबर १२९० ला लिंकनजवळ हार्बी गावात, रिचर्ड डी वेस्टनच्या घरी ती वारली. आतडी लिंकनच्या कॅथीड्रलमध्ये, हृदय ब्लॅकफ्रायर्सला, देह १७ डिसेंबरला वेस्टमिन्स्टर ॲबीत. डन्स्टेबलच्या मठातला साधू आपल्या इतिवृत्तात काय टिपतो बघा: शव एक रात्र इथे होतं, मठाला दोन भारी वस्त्रं आणि ऐंशी पौंडांहून जास्त वजनाचं मेण मिळालं, क्रॉसची जागा बाजारात आखून दिली तेव्हा आमचे महंत पवित्र पाणी शिंपडत होते. आणि बाईंबद्दल? जन्माने स्पॅनिश, पुष्कळ आणि उत्तम गावं मिळवली. बस, एवढंच. मेणाचं वजन तिच्याहून सविस्तर लिहिलंय. मला हा साधू फार आवडतो, चांगला नोंदणी कारकून झाला असता.

दुसरं लग्न केलं, पण नऊ वर्षांनी, १२९९ मध्ये, फ्रान्सच्या मार्गारेटशी, तेही तहाचा भाग म्हणून. तिला १३०६ मध्ये मुलगी झाली. नाव ठेवलं एलिनॉर.

खवचट_खंडू

दुसऱ्या बायकोच्या मुलीला पहिलीचं नाव! मार्गारेटबाई काही बोलल्या नाहीत?

निवृत्त_निबंधक

ती विशीतली, तो साठी ओलांडलेला. तिला काय वाटलं त्याचा कागद नाही.

टेंभुर्णीकर, आईबाबांना ॲबीत न्याल तेव्हा एडवर्ड द कन्फेसर या जुन्या संत-राजाच्या देव्हाऱ्याला वळसा घालणाऱ्या बोळातून वर बघा. विल्यम टोरेल नावाच्या सोनाराने ओतलेली तिची सोन्याचा मुलामा दिलेली कांस्यमूर्ती आहे, उशीवर किल्ले आणि सिंह. खाली चबुतऱ्याभोवतीच्या फ्रेंच अक्षरांत तिची ओळख राजाची बायको, स्पेनच्या राजाची मुलगी आणि पोंत्यूची सरदारीण अशी दिली आहे. बोळाच्या बाजूला लेटनच्या थॉमसने घडवलेली लोखंडी जाळी आहे, तिच्यामुळे खालून मूर्ती नीट दिसत नाही. बाबांना थोडं मागे उभं राहायला सांगा.